जन्मामुळे नाचवलं, आता जन्मामुळेच अडवणार?

गेल्या दोन महिन्यांत मला दोन वाक्यं ऐकावी लागली. ती बोलणारी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत आणि एकमेकांच्या वस्तीत कधी पाऊलही ठेवणार नाहीत. तरी दोघंही मला एकच गोष्ट सांगत होते.

पहिलं वाक्य आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात ऐकलं. गेले चार महिने मी चार मुलींना घेऊन तिथे रोज पहाटे साडेपाच ते आठ एका नृत्यरचनेची तालीम करते आहे. एका रविवारी आम्ही वस्तीला रचना दाखवली. संपल्यावर चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते जवळ आले. लहानपणी पंचशील ध्वज कसा बांधायचा हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, बाबासाहेबांनी ज्यातून आपल्या बायकांना बाहेर काढलं, त्यातच परत कशाला नेतेस आमच्या लेकींना?"

दुसरं वाक्य लॅपटॉपच्या पडद्यावर ऐकलं. एका नामवंत नृत्यमहोत्सवात नवोदितांसाठी विभाग असतो, तिथे मी अर्ज केला होता. मुलाखतीत निवड समितीतल्या एका बाईंनी इंग्रजीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा : काम प्रामाणिक आहे, पण जात फार थेट येते, ती जरा वैश्विक करता येईल का? आणि तुमच्याकडे हलगी आहे, लावणी आहे, इतकी समृद्ध परंपरा असताना तुम्ही ती का वापरत नाही?

काकांनी सांगितलं, नाचू नकोस. बाईंनी सांगितलं, नाच, पण तुझ्या लोकांना शोभेल असं नाच. मी काय करावं हे दोघांनीही माझ्या जन्मावरूनच ठरवलं. हा लेख या दोन्ही वाक्यांच्या विरोधात आहे. काकांचं वाक्य प्रेमातून आलं, बाईंचं अज्ञानातून आलं, हा फरक मला कळतो. तरी उत्तर दोघांनाही दिलंच पाहिजे, कारण या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आपल्या कितीतरी मुलामुलींचे देह अडकून पडले आहेत.

रचना काय आहे?

आधी रचनेविषयी सांगते, म्हणजे न पाहिलेल्यांना वाद समजेल. माझी आजी सांगायची, गावात तहान लागली की कुणाच्या तरी दारापुढे अंतर राखून उभं राहायचं. कमरेत वाकायचं. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची. मग वरून कुणीतरी पाणी ओतायचं, भांडं ओंजळीला लागणार नाही इतक्या उंचीवरून. अर्धं पाणी कोपरावरून गळून जायचं. आजीनं हे मला सांगितलं नव्हतं, करून दाखवलं होतं. साठ वर्षांनंतरही तिच्या पाठीला तो कोन नेमका आठवत होता.

आमची रचना त्या कोनापासून सुरू होते. वीस मिनिटं, चार नर्तिका. पाणी ओतणारा रंगमंचावर कुठेच नाही, फक्त वरून पडणारा एक दिवा आहे. तीच कृती पुन्हा पुन्हा येते, कधी एकीच्या अंगात, कधी चौघींच्या, कधी इतकी सावकाश की मांड्या थरथरायला लागतात. शेवटी ओंजळ वर बघायचं सोडते आणि खाली जाते, स्वतः पाण्यापर्यंत. बस, इतकंच. रंगमंचावर पाणी नाही, फोटो नाही, घोषणा नाही. ज्याला २० मार्च १९२७ ठाऊक आहे, त्याला महाडचं चवदार तळं दिसतं. ज्याला ठाऊक नाही, त्याला निदान एवढं कळतं की वाकणं आणि पाण्याकडे झुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जात देहात राहते

आपल्या चळवळीनं जातीचा विचार ग्रंथांतून केला, कायद्यांतून केला, अर्थकारणातून केला, आणि तो तसाच करायला हवा होता. पण जात आधी देहाला शिकवली जाते. पेशवाईत अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून पुण्याच्या रस्त्यावरून चालावं लागे, याचा दाखला बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त दिला आहे. त्याकडे एकदा नृत्यदिग्दर्शकाच्या नजरेनं बघा. कसं चालायचं, पाऊल कुठे टाकायचं, उमटलेलं पाऊल कसं पुसायचं, थुंकी कुठे टाकायची, हे सगळं बसवून दिलेलं आहे. जोहार घालताना किती वाकायचं, कुणाच्या दारावरून जाताना चपला कधी हातात घ्यायच्या, ओट्यावर बसायचं की खाली, हे सगळं ठरलेलं. हजारो वर्षं चाललेली ही सक्तीची नृत्यरचना आहे. तिचे दिग्दर्शक शास्त्रात बसले होते आणि चुकलं की चाबूक होता.

मग बाबासाहेबांनी काय केलं? त्यांनी हजारो माणसांना रांगेनं एका तळ्यापर्यंत चालवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच त्यांनी बायकांना सांगितलं की लुगडं गुडघ्याच्या वर खोचून नेसू नका, अंगावरचे जातीची ओळख सांगणारे ते जड दागिने काढून टाका, आणि त्या बायका नेसण बदलून उभ्या राहिल्या. नेसण बदललं की चाल बदलते, चाल बदलली की मान बदलते. चौकाचौकातला आपला पुतळा बघा : कोट, हातात संविधान, पुढे झालेला हात आणि ताठ बोट. आमच्या आजीच्या वाकलेल्या पाठीला दिलेलं ते उत्तर आहे. ज्या चळवळीनं माणसांची उभं राहण्याची पद्धतच बदलली, तिच्या वारसांनी देहाच्या कलेला परकं म्हणावं, हे मला पटत नाही.

काकांना

आता काका, तुमचं म्हणणं. ते मी हलकं करून मांडणार नाही.

पठ्ठे बापूरावांचा प्रसंग आपल्या घराघरात सांगितला जातो. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्मानं ब्राह्मण, पवळाबाईंच्या साथीनं तमाशाचे सम्राट झाले. ते कार्यासाठी देणगी घेऊन बाबासाहेबांकडे गेले आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, कारण आपल्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. पुढे १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यापुढे ते बोलले, आणि हे जिणं सोडा, आमच्यात मानानं या, असं त्यांनी बजावलं. या दोन गोष्टी काकांच्या वाक्यामागे उभ्या आहेत. त्या खऱ्या आहेत, आणि मला त्या नाकारायच्या नाहीत.

पण बाबासाहेबांनी नेमकं काय नाकारलं? हात हलवणं, पाय उचलणं, गिरकी घेणं नाकारलं का? नाही. त्यांनी एक व्यवहार नाकारला. त्या व्यवहारात महार, मांग, कोल्हाटी घरातल्या मुलीनं काय करायचं ते तिच्या जन्माआधी ठरलेलं होतं. फडमालक कमवायचा, पाटील-सावकार पैसे फेकायचा, शाहीर अजरामर व्हायचा, आणि नाचणारी 'नाचणारी' राहायची. विठाबाई नारायणगावकरांचं नाव आज कोण घेत नाही? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, शासनाचा पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो, पण त्यांची शेवटची वर्षं हलाखीत गेली आणि २००२ मध्ये त्या गेल्या. बाबासाहेबांनी नाकारलेला व्यवहार हाच. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर लिहिताना आणि शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवरच्या २०२२ च्या ग्रंथात हेच तर उलगडून दाखवलं आहे, की अश्लीलता नाचात नव्हती, ती जातीच्या रचनेनं त्या बाईच्या अंगावर चिकटवली होती.

आणि काका, आपण तमाशा सोडला तेव्हा रंगमंच सोडला का? भीमराव कर्डकांचे जलसे कुठून आले? तमाशाचाच साचा घेतला, त्यातला शृंगार काढला, प्रबोधन घातलं आणि गावोगाव बाबासाहेब पोचवले. म्हणजे साचा अपवित्र नव्हता, त्याच्यावरची मालकी वाईट होती. पण एक गोष्ट आपण बोलत नाही. बहुतेक जलसे पुरुषांचे होते. अब्रू परत मिळवायची म्हणून आपण बाईचा देह रंगमंचावरून उतरवला. त्या काळात ते समजण्यासारखं होतं. पण शंभर वर्षांनंतरही आपली अब्रू आपल्या मुलींच्या पायांत बांधलेली असेल, तर ती नजर कुणाची आहे? ती पाटलाचीच नजर आहे, फक्त आता ती आपल्या डोळ्यांत येऊन बसली आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या चार नर्तिकांपैकी एकीनं गेल्या महिन्यात तालीम सोडली. मुलगी नर्सिंग शिकते. तिला बघायला आलेल्या स्थळाकडून विचारणा झाली, "मुलगी नाचते म्हणे?" स्थळ आपल्याच समाजातलं, शिकलेलं, घरात बुद्धमूर्ती असलेलं. तिच्या आईनं माझ्यापुढे हात जोडले. मी काय बोलणार? आता चौथीच्या जागी मी स्वतः उभी राहते.

म्हणून माझा मुद्दा सरळ आहे. जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. कुणी काय काम करायचं हे त्याच्या आवडीवरून आणि कुवतीवरून ठरत नाही, जन्मावरून ठरतं, हा जातीचा गाभा. काल आमच्या पणजीला जन्मामुळे नाचावं लागलं. आज शिकलेली, कमावती, स्वतःच्या निर्णयानं नृत्य निवडणारी तिची पणती, तिला त्याच जन्मामुळे अडवायचं? ब्राह्मणाची मुलगी नाचली तर ती कलावंत, आणि आपली मुलगी नाचली तर 'परत त्याच वाटेला लागली'? हा नियम कुणी केला? तो आपणच पाळत राहिलो तर जातीनं आखलेली रेघ आपणच राखत बसलो आहोत.

तमिळनाडूत परई वाद्याचं काय झालं ते पाहा. मयताला परई वाजवणं हे परैयर समाजावर लादलेलं काम होतं. अनेक तरुणांनी ते वाजवणं सोडलं आणि योग्य केलं. पण तिथल्या चळवळीनं पुढचं पाऊल टाकलं : तेच वाद्य अंत्ययात्रेतून काढून स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या व्यासपीठावर, मुलींच्याही हातात दिलं. आज परई हा मुक्तीचा आवाज म्हणून वाजतो. लादलेलं नाकारणं ही पहिली पायरी आहे. आपण त्या पायरीवरच बसून राहिलो.

निवड समितीला

आता बाईंना उत्तर. तुम्ही म्हणता, जात वैश्विक करा. समकालीन नृत्याच्या कार्यशाळेत पहिला शब्द शिकवतात तो 'न्यूट्रल'. न्यूट्रल उभे राहा, देहावरचं सगळं ओझं उतरवा. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मग लक्षात आलं की ज्याला कधी कुणापुढे वाकावं लागलं नाही, त्याचाच देह तिथे न्यूट्रल मानला जातो. माझ्या पाठीत आजीचा कोन आहे. तो उतरवला की मी न्यूट्रल होत नाही, मी तुमच्यासारखी होते.

आणखी एक उदाहरण. 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन' नावाचा प्रकार सगळीकडे शिकवतात. अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन यांनी तो १९७२ मध्ये सुरू केला. दोन देह एकमेकांना स्पर्श करत, एकमेकांवर भार टाकत हालचाल शोधतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहत होती. पण ज्या देशात स्पर्शावर हजारो वर्षं बंदी होती, त्या देशातल्या एकाही कार्यशाळेत मला कुणी विचारताना ऐकलं नाही की इथे स्पर्श या शब्दाचा अर्थ काय होतो. 'भार टाका, विश्वास ठेवा', इतकं सोपं आहे का ते? या मातीत या तंत्राचा सगळ्यात स्फोटक उपयोग आपण करू शकतो, आणि आपल्यालाच सांगितलं जातं की जात फार थेट येते.

मग त्याच दमात तुम्ही हलगी मागता, लावणी मागता. म्हणजे विचार तुमचा आणि मालमसाला आमचा. ही पद्धत नवी नाही. दक्षिणेत सादिर हे नृत्य पिढीजात नर्तिकांच्या घराण्यांत होतं. एकीकडे देवदासी प्रथेविरुद्ध कायद्याची चळवळ उभी राहिली आणि १९४७ मध्ये मद्रास प्रांतात कायदा झाला. प्रथा जायलाच हवी होती. पण त्याच काळात ते नृत्य 'शुद्ध' होऊन भरतनाट्यम नावानं उच्चवर्णीयांच्या घरात गेलं, १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र उभारलं, आणि ज्या बायकांच्या अंगातून ती कला आली होती त्या रंगमंचाबाहेर राहिल्या. बालसरस्वतींसारख्या थोर नर्तिकेला आयुष्यभर सांगावं लागलं की शृंगार म्हणजे अश्लीलता नव्हे. आज नृत्या पिल्लै त्याच पिढीजात समाजातून उभ्या राहून हा हिशेब मागत आहेत. प्रथेतून बाई सुटली पाहिजे हे बरोबर, पण बाई बाहेर आणि कला आत, हा कुठला न्याय?

आपल्या राज्यानंही हेच केलं. २००५ मध्ये महाराष्ट्रानं डान्सबारवर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. म्हणजे नाच तोच, फरक फक्त बघणाऱ्याच्या खिशाचा आणि नाचणारीच्या घराण्याचा. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. बारमधल्या कामाचं मी गोडवे गाऊन समर्थन करत नाही. तिथल्या बाईच्या हक्काचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. मी एवढंच दाखवते आहे की या राज्यात नाच कधीच नुसता नाच नसतो. तो कुणाचा आहे हे आधी बघितलं जातं, मग तो कला आहे की गुन्हा ते ठरतं.

म्हणून बाईंना मी मुलाखतीत जे सांगू शकले नाही ते इथे सांगते. मला हलगीची लाज नाही. ज्या दिवशी माझ्या रचनेला हलगीची गरज लागेल, त्या दिवशी मी हलगीवाल्याला बोलावीन, त्याला नर्तिकांइतकंच मानधन देईन आणि पत्रकावर त्याचं नाव माझ्या शेजारी छापीन. पण तुमच्या महोत्सवात रंग भरायला मी ती आणणार नाही.

आणि 'वैश्विक' कसं होतं याचा एक धडा घ्यायचा तर तो अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांकडून घ्यावा. पर्ल प्रायमस यांनी १९४० च्या दशकात झुंडबळीवर एकल नृत्य केलं. टेक्ससच्या खेड्यात वाढलेल्या आल्विन एली यांनी १९६० मध्ये 'रेव्हलेशन्स' ही रचना केली, लहानपणच्या चर्चमधल्या आठवणींतून आणि गुलामांच्या वंशजांच्या भक्तिगीतांतून. त्यांनी ते आधी न्यूट्रल केलं नाही. आपल्या लोकांचं नेमकं दुःख, नेमकी श्रद्धा, नेमके पंखे आणि टोप्या घेऊन ते उभे राहिले. जगभर ती रचना अजून पाहिली जाते. नेमकेपणातूनच ती जगाची झाली.

आपला हिशेब

इथवर टाळ्या मिळतील हे मला माहीत आहे. आता टाळ्या न मिळणारं लिहिते.

रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र उभारलं. एलींनी १९५८ मध्ये कंपनी उभारली आणि १९६९ मध्ये शाळा. त्यांनी संस्था उभ्या केल्या. आपण मिरवणुका उभ्या केल्या. १४ एप्रिलला एका रात्रीत डीजेवर जो पैसा आपल्या एकेका वस्तीत उडतो, त्यात चार कलावंतांचं वर्षभराचं तालमीचं भाडं निघेल. मी जयंतीच्या नाचाविरुद्ध नाही. उलट त्या रात्री रस्त्याच्या मधोमध, कुणालाही वाट न देता, छाती काढून नाचणारा आपला तरुण हा जातीच्या त्या जुन्या नृत्यरचनेला दिलेला सगळ्यात जोरकस नकार आहे असं मी मानते. पण तो नकार रात्री बारा वाजता ट्रकबरोबर निघून जातो. त्याचं शिक्षण होत नाही, त्याची नोंद होत नाही, पुढच्या पिढीला ते हातात देता येत नाही. आणि त्या गर्दीतही मुली कडेलाच उभ्या असतात.

दुसरं, आपण शिक्षण म्हणजे फक्त स्पर्धा परीक्षा आणि इंजिनीअरिंग असं धरून चाललो आहोत. घरची परिस्थिती बघता ते का, हे मला कळतं. माझ्या वडिलांनीही मला तेच सांगितलं. पण राज्य आपल्याला कुठल्या विषयांपासून दूर ठेवू पाहतं तेही बघा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२ च्या नियमांत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले गेले. तुम्ही परदेशात जाऊन यंत्र शिका, पण स्वतःविषयी बोलू नका, असा त्याचा अर्थ. सरकारला जे विषय आपल्या हाती नको आहेत, ते आपण स्वतःहून सोडून द्यायचे?

मग करायचं काय?

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी, माझ्या चुकांतून शिकलेल्या.

एक. सुरुवात विषयापासून करू नका, कृतीपासून करा. 'मी जातीवर नृत्य बसवणार' म्हटलं की हातात साखळ्या आणि तोंडावर रडू येतं. आजीला विचारा, बसायची कशी, उठायची कशी, ओझं कुठल्या खांद्यावर घ्यायची. आईला विचारा, कामावर झाडू मारताना कुठे दुखतं. एक कृती मिळाली की तिला तीन महिने सोडू नका.

दोन. पैशाचं आधी बोला आणि लिहून ठेवा. मी पहिल्या प्रयोगात सगळे पैसे दिव्यांवर आणि नाट्यगृहावर घातले आणि मुलींना "नंतर बघू" म्हणाले. हा फडमालकाचाच व्यवहार मी केला. आता आधी नर्तिकांचं मानधन, मग उरलं तर दिवे. दोन साइड लाइट आणि एक वरचा दिवा यांवर वीस मिनिटं उभी राहतात. फुकट नाचवून समतेवर रचना करता येत नाही.

तीन. रचना नोंदवून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेला नाट्यकृती म्हणून संरक्षण आहे, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली असावी लागते. मोबाइल तीन पायांवर लावून सलग चित्रीकरण करा, तारीख नोंदवा, वहीत पावलं लिहा, सगळ्यांची नावं लिहा. आपल्या पणज्यांच्या हजारो रचना कुणाच्याही नावावर नाहीत, कारण लिहिणारा दुसराच होता.

चार. महोत्सवांना अर्ज करा, जरूर करा, ती जागा आपलीही आहे. अर्ज इंग्रजीत मागतात, तर एकमेकांना लिहायला मदत करा. पण पहिला प्रयोग वस्तीत करा. आमच्या रचनेतली सगळ्यात मोठी सुधारणा कुठल्या मार्गदर्शकानं सुचवली नाही. सभागृहात मागे बसलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "बाई, ओंजळ अशी नाही धरत, बोटं घट्ट असतात, थेंब महाग असतो." दुसऱ्या दिवशी आम्ही बोटं मिटली आणि सगळी रचना बदलली.

आणि संघटनांना, विहार समित्यांना, जयंती मंडळांना एकच मागणी आहे : सभागृह द्या. पहाटेचे दोन तास, रिकामी फरशी, एक पंखा. बाकीचं आम्ही बघतो.

ही मागणी मी हवेत करत नाही. त्या रविवारनंतर आमच्या विहाराच्या समितीकडे तक्रार गेली आहे की सभागृहात 'नाचगाणं' चालतं. येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता समितीची बैठक आहे, आणि तालमीची परवानगी ठेवायची की काढायची हे त्यात ठरणार आहे. काका त्या समितीत आहेत. समितीचा निर्णय मी मानेन, कारण ते सभागृह वर्गणीतून उभं राहिलं आहे आणि माझ्या आजीनंही त्यात पैसे घातले आहेत. सोडावं लागलं तर गच्चीवर तालीम करू, पावसाळ्यात काय करायचं ते तेव्हा बघू.

पण काका, माझी एक विनंती आहे. मागच्या वेळी तुम्ही दाराशी उभे राहून पाहिलं होतं. या वेळी बैठकीआधी पाच वाजता या, आणि पहिल्या रांगेत बसून पूर्ण वीस मिनिटं पाहा. माझ्या आजीची पाठ तुम्ही ओळखाल, कारण तुमच्याही आईची पाठ तशीच होती. मग ठरवा, तुमच्या लेकी परत कुठे चालल्या आहेत ते. मला तरी त्या महाडकडे चाललेल्या दिसतात.

जय भीम!